वाचकांचे प्रश्न : काउंटीचा अर्थसंकल्प आणि जुन्या संगणकप्रणाल्यांचा खर्च

अमेरिकेतील अनेक काउंट्यांमध्ये, म्हणजे राज्याखालील जिल्ह्यासारख्या विभागांमध्ये, वसंत ऋतूत विभागप्रमुख आपापल्या मागण्या घेऊन काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डासमोर उभे राहतात, आणि त्याच सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही व्हिसा आणि विम्यावरून मालमत्ता करावर येतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. वैयक्तिक तपशील वगळले आहेत आणि लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : न्यू जर्सीत घर घेतल्यापासून मालमत्ता कराच्या बिलावर शाळा, नगरपालिका आणि काउंटी असे वेगवेगळे आकडे दिसतात. शाळेचे काम कळते, नगरपालिकेचेही कळते. काउंटी मात्र कधी समोर येत नाही. ती आमच्या पैशाचे करते तरी काय?

काउंटी सहसा समोर येत नाही, कारण तिची बरीचशी कामे अडचणीत सापडलेल्या माणसासाठी असतात. तुरुंग, सरकारी वकिलाचे कार्यालय, मानसिक आरोग्यसेवा, अन्नसाहाय्य आणि मेडिकेडचे (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) अर्ज तपासणारे समाजसेवा कार्यालय, मृत्युपत्रांची नोंद घेणारे सरोगेटचे कार्यालय, ही सर्व पूर्णपणे किंवा अंशतः काउंटीच्या खर्चाने चालतात. ज्याच्यावर तशी वेळ आली नाही, त्याला काउंटी भेटते ती रस्त्यावर : निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असलेला रस्ता काउंटीचा असतो आणि त्यावरील लहानमोठे पूल बहुधा तिच्याच देखभालीत असतात. काउंटी कॉलेज आणि मोठी उद्याने यांचाही त्यात वाटा असतो.

न्यू जर्सीत अशा २१ काउंट्या आहेत. त्यांचा कारभार निवडून आलेले कमिशनर पाहतात. २०२० च्या अखेरपर्यंत त्यांना ‘फ्रीहोल्डर’ म्हणत असत. शेरीफ, काउंटी क्लार्क आणि सरोगेट मात्र मतदार स्वतंत्रपणे निवडून देतात. ही रचना देशभर सारखी नाही. कनेक्टिकटने १९६० मध्ये काउंटी सरकारेच रद्द केली, ऱ्होड आयलंडमध्येही काउंटीला स्वतःचे सरकार नाही, आणि लुईझियानात काउंटीच्या जागी ‘पॅरिश’ असतात. त्यामुळे राज्य बदलून आलेल्या वाचकाने आधीच्या राज्यातील अनुभवावरून अंदाज बांधू नये.

आपल्या बिलातील आकडा दरवर्षी फार वेगाने का वाढत नाही, याचेही कारण सांगायला हवे. २०१० च्या कायद्याने न्यू जर्सीतील स्थानिक संस्थांच्या एकूण करवसुलीच्या वाढीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा आली. कर्जफेडीसारखे काही खर्च त्यातून वगळलेले आहेत. करदात्याला हे बरे वाटते, आणि ते चूकही नाही. परंतु पगार, आरोग्यविमा आणि तुरुंगाचा खर्च काउंटीला टाळता येत नाही, म्हणून कात्री लागते ती पुढे ढकलता येणाऱ्या खर्चाला. पुलाची दुरुस्ती पुढे ढकलली तर पाहणीच्या अहवालात ती निदान दिसते. जुन्या सर्व्हरचे तसे नसते. तो बंद पडेपर्यंत त्याची आठवण बहुधा कोणालाच होत नाही.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. आमच्या काउंटीच्या अर्थसंकल्पीय सुनावणीचे चित्रीकरण मी पूर्ण पाहिले. असेसर, शेरीफ, आरोग्य, समाजसेवा असे एकेक विभागप्रमुख येऊन आपल्या स्वतंत्र प्रणालीसाठी पैसे मागत होते, आणि मालमत्ता कराची प्रणाली बदलण्याचे काम तर कित्येक वर्षे चालूच आहे. मालमत्तेची किंमत गुणिले कराचा दर, एवढ्या साध्या हिशेबाला इतका काळ आणि इतका पैसा का लागावा? सर्व विभागांसाठी एकच प्रणाली का घेत नाहीत?

हिशेब साधा असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ नुसार, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या प्रस्तावानुसार, कॅलिफोर्नियात मूळ कर मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या १ टक्का असतो आणि ते मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढवता येते. बाजारभावाप्रमाणे ते नव्याने ठरते ते मालमत्ता विकली गेली किंवा नवे बांधकाम झाले की. परिणामी शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या घरांचा कर वेगळा असतो, आणि प्रत्येक मालमत्तेचा इतिहास, म्हणजे ती कधी हस्तांतरित झाली, कोणता भाग कधी वाढवला, कोणती सवलत कधी लागू झाली, हे सर्व दशकानुदशके जपून ठेवावे लागते. त्यात मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचे दर जागेनुसार बदलतात. नियमही स्थिर नाहीत. २०२० मध्ये मंजूर झालेल्या प्रॉपोझिशन १९ ने आईवडिलांकडून मुलांकडे येणाऱ्या घराच्या सवलतीचे नियम १६ फेब्रुवारी २०२१ पासून बदलले, आणि असा प्रत्येक बदल जुन्या प्रणालीत कोणाला तरी लिहावाच लागतो. लॉस एंजेलिस काउंटीत अशा मालमत्तांची संख्या वीस लाखांहून अधिक आहे.

शिवाय हे काम एका कार्यालयाचे नाही. असेसर मूल्य ठरवतो, ऑडिटर-कंट्रोलर त्याला दर लावून रक्कम काढतो आणि गोळा झालेला पैसा शाळा, शहरे व विशेष जिल्ह्यांत (ठरावीक सेवेसाठी स्थापलेल्या स्थानिक संस्थांत) वाटतो, तर ट्रेझरर-टॅक्स कलेक्टर बिल पाठवून वसुली करतो. असेसर हा निवडून आलेला अधिकारी असतो आणि बऱ्याच काउंट्यांत इतर दोघेही निवडून आलेले असतात. बोर्ड ऑफ सुपरवायझर्स त्यांचा निधी ठरवते, पण त्यांनी काम कसे करावे हे सांगण्याचा अधिकार बोर्डाला फारच मर्यादित आहे. खासगी कंपनीत मुख्य अधिकारी एक आदेश काढून तीन विभागांना एका प्रणालीवर आणू शकतो. काउंटीत तीन कार्यालयांचे एकमत व्हावे लागते, आणि निवडणुकीत त्यांपैकी एक जण बदलला तर चर्चा कधीकधी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. मला विचाराल तर रखडलेल्या प्रकल्पांमागचे खरे कारण बहुतेक वेळा येथे असते. तंत्रज्ञानाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

प्रणाली बदलण्यासाठी वेळही मोजका मिळतो. मूल्यांकनाची तारीख १ जानेवारी, मूल्यांकनाची यादी उन्हाळ्याच्या आरंभी पूर्ण होते, शरद ऋतूत बिले निघतात, पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. या तारखा कायद्याने ठरलेल्या आहेत. नवी प्रणाली तयार नाही म्हणून बिले महिनाभर उशिरा पाठवली, असे काउंटीला करता येत नाही, कारण त्याच पैशावर शाळांचे पगार अवलंबून असतात. म्हणून जुनी आणि नवी प्रणाली काही काळ शेजारीशेजारी चालवून उत्तरे ताडून पाहावी लागतात आणि त्या काळात खर्च दुप्पट होतो. चित्रीकरणात आपण ऐकलेल्या मोठ्या आकड्यात हा दुहेरी खर्च, जुनी माहिती स्वच्छ करून हलवण्याचा खर्च आणि या कामासाठी मोकळ्या केलेल्या अनुभवी कर्मचाऱ्यांच्या जागी नेमलेल्या माणसांचा पगार, हे सर्व असावे. सॉफ्टवेअरची किंमत हा त्याचा एक भाग झाला.

सर्व विभागांसाठी एकच प्रणाली हवी, ही आपली सूचना अर्धी योग्य आहे. वेतन, खरेदी, लेखा आणि ई-मेल एकत्र असायलाच हवेत, आणि ते अजूनही वेगवेगळे ठेवणाऱ्या विभागांना बोर्डाने जाब विचारायला हवा. परंतु शेरीफच्या कार्यालयातील गुन्हेविषयक माहितीला एफबीआयचे सुरक्षाधोरण लागू होते, रुग्णांच्या नोंदींना त्यांच्या गोपनीयतेविषयीचा १९९६ चा हिपा कायदा लागू होतो, आणि मतमोजणीची यंत्रणा तर हेतूपुरस्सर इतर सर्वांपासून अलग ठेवलेली असते. ही माहिती एकाच छताखाली आणण्यात बचत कमी आणि जोखीम अधिक आहे.

मात्र एकाच काउंटीतील विभाग एकत्र येत नसले, तरी अनेक काउंट्यांचा तोच विभाग एकत्र येऊ शकतो. कॅलिफोर्नियातील अन्नसाहाय्य आणि मेडी-कॅल (तेथील मेडिकेड) यांसाठी पूर्वी काउंट्यांच्या गटांच्या वेगवेगळ्या प्रणाल्या होत्या. २०२३ च्या अखेरीस राज्यातील सर्व ५८ काउंट्या ‘कॅलसॉज’ या एकाच प्रणालीवर आल्या. हे स्थलांतरही वर्षानुवर्षे चालले आणि त्याला फेडरल (केंद्र) व राज्य सरकारच्या पैशाचा मोठा आधार होता, हे विसरून चालणार नाही.

आता पैशाविषयी. पूर्वी काउंटी सॉफ्टवेअर एकदा विकत घेई, तो खर्च भांडवली खात्यात दाखवी आणि मग दरवर्षी केवळ देखभालीचे पैसे देई. क्लाउडवरील सेवेत विकत घेण्यासारखे काही उरतच नाही. वर्गणी दरवर्षी द्यायची आणि करारात लिहिल्याप्रमाणे ती वाढतही जाते. सरकारी लेखामानके ठरवणाऱ्या जीएएसबी या मंडळाने आपल्या ९६ व्या मानकाद्वारे, १५ जून २०२२ नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून, एक वर्षाहून दीर्घ मुदतीचे असे करार ताळेबंदात देणे म्हणून दाखवण्यास सांगितले आहे. तेव्हा पुढच्या सुनावणीत प्रणाली किती लाखांची, हे ऐकून थांबू नका. पाचव्या वर्षी तिच्यावर किती खर्च होईल आणि तो जनरल फंडातून, म्हणजे काउंटीच्या सर्वसाधारण निधीतून, होईल की अन्य कोठून, हा आकडा विभागप्रमुखाला सांगता येतो का ते पाहा. सांगता येत नसेल, तर मागणी अर्धवट तयारीने आली आहे असे समजावे.

प्रश्न : आमच्या व्हर्जिनियातील काउंटीने गेल्या काही वर्षांत ग्रंथालयात नवे संगणक, पुस्तके परत घेणारी स्वयंचलित यंत्रे, बैठकींसाठी मोठे पडदे असे बरेच काही बसवले. आता तेच ग्रंथालय रविवारी बंद ठेवणार म्हणतात, कारण कर्मचाऱ्यांसाठी पैसे नाहीत. यंत्रांना पैसे आहेत आणि माणसांना नाहीत, हे कसे?

आपला संताप रास्त आहे, पण निर्णय वाटतो तितका विचित्र नसावा. मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने राज्ये व स्थानिक सरकारांना ३५० अब्ज डॉलर दिले आणि त्यांपैकी ६५.१ अब्ज डॉलर काउंट्यांच्या वाट्याला आले. हा पैसा कोणत्या कामावर खर्च होणार याची बांधिलकी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करायची होती आणि प्रत्यक्ष खर्चाची अखेरची तारीख ३१ डिसेंबर २०२६ ठरली. म्हणजे हा एकदाच येणारा पैसा होता. ग्रंथपालाचा पगार दरवर्षी द्यावा लागतो, तर यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते; म्हणून एकदाच्या पैशातून यंत्र घेणे आणि दरवर्षीच्या खर्चाला हात न लावणे, हा वित्त अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण शहाणपणा आहे. सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना जीएफओए हाच सल्ला देते. ज्या काउंट्यांनी उलट केले, त्या पैशातून कायम पदे भरली, त्यांना आता कर वाढवणे किंवा माणसे कमी करणे यांतून निवड करावी लागते.

तरीही आपल्या काउंटीला एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. यंत्रांना सेवाकरार असतो, पडद्यांच्या सॉफ्टवेअरला वर्गणी असते, आणि संगणक चार-पाच वर्षांनी बदलावे लागतात. हे खर्च आता ग्रंथालयाच्या नियमित अंदाजपत्रकात शिरले असतील, तर ‘एकदाचा’ म्हणून केलेला खर्च दरवर्षीचा झाला आहे आणि रविवारच्या वेळेतून तोच भागवला जात आहे, असा अर्थ निघू शकतो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ग्रंथालयाच्या पानावर ‘कंत्राटी सेवा’ ही ओळ शोधा आणि पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहा. वेतनाची ओळ सपाट आणि ही ओळ चढती असेल, तर आपल्या हातात बोलण्याजोगा मुद्दा आहे.

येत्या वर्षांत हा ताण वाढणार आहे, विशेषतः जेथे अन्नसाहाय्याचे, म्हणजे स्नॅपचे काम काउंट्या करतात तेथे. या कामाच्या प्रशासकीय खर्चाचा निम्मा वाटा फेडरल सरकार उचलत असे. जुलै २०२५ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०२६ पासून तो २५ टक्क्यांवर येतो. हे काम काउंट्यांकडे असलेल्या राज्यांत व्हर्जिनिया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया मोडतात. उरलेला भार राज्याने आणि काउंटीने कसा वाटून घ्यायचा, हे प्रत्येक राज्यात वेगळे ठरेल, पण ग्रंथालय आणि समाजसेवा कार्यालय एकाच जनरल फंडातून पैसे मागतात हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : टेक्सासमध्ये नव्याने आलो आहोत. ‘कमिशनर्स कोर्ट’ची अर्थसंकल्पावर सुनावणी असल्याची सूचना वाचली. कोर्टात का? काही खटला आहे का?

खटला नाही. टेक्सासमध्ये काउंटीच्या कार्यकारी मंडळालाच कमिशनर्स कोर्ट म्हणतात. त्यात चार कमिशनर असतात आणि अध्यक्षस्थानी काउंटी जज असतो. राज्यात २५४ काउंट्या आहेत, सर्व राज्यांत सर्वाधिक. २०२० च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीत ६४ माणसे होती आणि हॅरिस काउंटीत सत्तेचाळीस लाखांहून अधिक, पण दोन्हीकडे मंडळाचा आकार तोच! २०१९ च्या कायद्यानुसार मोठ्या काउंट्यांना मालमत्ता करातून देखभाल व दैनंदिन कामकाजासाठी मिळणारा महसूल, नवे बांधकाम वगळून, ३.५ टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. सुनावणीला अवश्य जावे.

प्रश्न : न्यू यॉर्कमधील आमच्या काउंटीने सायबर सुरक्षेवरील तरतूद एकदम वाढवली आहे. डोळ्यांना काही दिसत नाही अशा गोष्टीवर एवढा खर्च आवश्यक आहे का? शिवाय मी एच-१बी व्हिसावर आहे. मला सुनावणीत याबद्दल बोलता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात घडलेल्या घटनेत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये लाँग आयलंडवरील सफक काउंटीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. काउंटीने खंडणी दिली नाही, पण प्रसार थांबवण्यासाठी आपल्या प्रणाल्या इंटरनेटपासून तोडल्या. आपत्कालीन दूरध्वनी घेणारे पोलीस कर्मचारी काही काळ माहिती हाताने लिहून पुढे देत होते, मालमत्तेच्या नोंदी पाहता येत नसल्यामुळे घरांचे व्यवहार अडकले, आणि सेवा पूर्ववत होण्यास महिने लागले. या हल्ल्याच्या चौकशीतून पुढे आलेली एक गोष्ट मला हल्ल्यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते : काउंटीची संगणकव्यवस्था निरनिराळ्या कार्यालयांच्या वेगवेगळ्या पथकांकडे विभागलेली होती आणि सुरक्षेची एकूण जबाबदारी एका व्यक्तीकडे नव्हती. एवढ्यासाठी नवे उपकरण लागत नाही, एक पद आणि एक स्पष्ट अधिकारपत्र लागते.

म्हणून तरतूद वाढली हे योग्य की अयोग्य, हे रकमेवरून ठरवू नये. बॅकअप मुख्य जाळ्यापासून अलग ठेवले जातात का, ते परत लावून पाहण्याची चाचणी शेवटची कधी झाली, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या लॉगइनला दुसरी पडताळणी आहे का, हे विचारावे. यांपैकी काहीच नसताना महागडी देखरेख-सेवा घेतली असेल, तर क्रम चुकला आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने राज्ये व स्थानिक संस्थांच्या सायबर सुरक्षेसाठी चार वर्षांत १ अब्ज डॉलरची योजना आणली होती, आणि काउंट्यांना धोक्याच्या सूचना देणाऱ्या एमएस-आयएसएसीला मिळणारा फेडरल निधी सप्टेंबर २०२५ अखेर थांबला. आपल्या काउंटीच्या वाढीव तरतुदीपैकी किती भाग नवी सुरक्षा आहे आणि किती भाग केवळ गेलेल्या फेडरल पैशाची भरपाई, हेही विचारण्याजोगे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. ज्या सुनावणीत जनतेला बोलण्याची संधी दिली जाते, तेथे नागरिकत्वाची अट नसते. आपण रहिवासी आणि करदाते आहात, तेवढे पुरेसे आहे. मतदान मात्र करता येत नाही आणि मतदार म्हणून कोणत्याही कागदावर सही करू नये, ही काळजी अवश्य घ्यावी. सहसा दोन-तीन मिनिटे मिळतात, त्यामुळे एकच मुद्दा घ्यावा आणि तो अर्थसंकल्पातील पान क्रमांकासह मांडावा. न्यू यॉर्कमधील बहुतेक काउंट्यांचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, त्यामुळे प्रस्तावित अर्थसंकल्प शरद ऋतूत येतो आणि वर्षअखेरीपूर्वी मंजूर होतो. परंतु विभागांच्या मागण्या त्याआधी, उन्हाळ्यातच ठरलेल्या असतात. सुनावणीच्या रात्री एखाद्या विभागाची तरतूद मुळापासून बदलली असे क्वचित घडते, म्हणून आपल्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला जून-जुलैमध्ये पत्र पाठवणे अधिक उपयोगाचे ठरते.

आणखी एक सूचना. संगणकसेवांचे करार पुष्कळदा अर्थसंकल्पाच्या चर्चेत येतच नाहीत. ते वर्षभराच्या नियमित बैठकींत अनेक किरकोळ ठरावांबरोबर, एकाच मतदानाने, चर्चेविना मंजूर होतात. बैठकीची कार्यक्रमपत्रिका आधी प्रसिद्ध होते, ती चाळत राहावे. कराराची प्रत हवी असल्यास न्यू यॉर्कच्या माहिती-स्वातंत्र्य कायद्याखाली, ज्याला तेथे ‘फॉइल’ म्हणतात, लेखी अर्ज करता येतो; कार्यालयाने कामकाजाच्या पाच दिवसांत प्रत देणे, नकार देणे किंवा अर्ज मिळाल्याची पोच देऊन उत्तराची अंदाजे तारीख कळवणे बंधनकारक आहे. सुरक्षेचा तांत्रिक तपशील ते झाकतील, आणि झाकायलाच हवा. किंमत, मुदत आणि दरवर्षीच्या वाढीचे कलम मात्र सहसा उघड करावेच लागते.